लहान ट्रॅक्टरच्या पोटाखालचे पाते : त्याचा उपयोग व त्याची मर्यादा

नवे अवजार गावात आले म्हणजे त्याच्याविषयी दोन मते एकदमच उठतात. एका पक्षास ते सर्व दुखण्यांवरचे औषध वाटते. दुसऱ्या पक्षास तो पैसेवाल्यांचा खेळ वाटतो. अवजार कोणत्या तत्त्वावर चालते, त्याच्याकडून कोणते काम घ्यावे व कोणते घेऊ नये, याचा विचार या गलबल्यात मागे पडतो. द्राक्ष, डाळिंब व ऊस यांच्या बागायती टापूंत १५ ते २० अश्वशक्तीचे लहान ट्रॅक्टर आता नवलाईचे राहिलेले नाहीत. बैलजोडी बाळगणे ज्यांस परवडेनासे झाले व मोठा ट्रॅक्टर ज्यांच्या बागेच्या ओळींत शिरत नाही, अशा बागायतदारांची त्यांनी चांगली सोय केली आहे. या ट्रॅक्टरांस मागे लावावयाची अवजारे पुष्कळ मिळतात. परंतु पुढच्या व मागच्या चाकांच्या मधोमध, ट्रॅक्टरच्या पोटाखाली बसणारे माती सारखी करण्याचे पाते आपल्याकडे क्वचितच दिसते. ते असावे की नसावे, आणि असल्यास कशासाठी असावे, याविषयी आमचे मत सविस्तर मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम वस्तू काय आहे ते सांगतो. कुळवाची पास जशी जानवळ्यांनी दिंडास धरलेली असते, तसेच हे एक आडवे पोलादी पाते असते. फरक इतकाच की पास मातीच्या खाली शिरून चालते आणि हे पाते मातीच्या वरच्या अंगाने खरवडत चालते. त्याची उंची थोडी, पोट किंचित आत वळलेले, व खालच्या कडेस झिजली की बदलता येईल अशी कठीण पोलादाची पट्टी बोल्टांनी बसविलेली असते. पाते सरळ आडवे ठेवता येते किंवा एका बाजूस तिरपे वळविता येते. सरळ ठेवले म्हणजे माती पुढे ढकलली जाते. तिरपे ठेवले म्हणजे ती एका टोकाने बाहेर पडून बाजूस ओळीने साठते. आपल्या जुन्या केणीचे व फळीचेच हे काम आहे. बैलांच्या जागी यंत्र आले आणि अवजार मागून निघून पोटाखाली गेले, एवढाच पालट. परंतु हा जागेचा पालट वाटतो तितका लहान नाही. किंबहुना या अवजाराचे सारे मर्म त्यातच आहे.

हे मर्म हिशेबाने सांगितल्यास लवकर पटेल. पुढच्या व मागच्या आसांत ५ फूट अंतर असलेला एक लहान ट्रॅक्टर धरा. त्याच्या मागच्या आसाच्या पाठीमागे ३ फुटांवर एक पाते जोडले आहे. पुढची चाके ३ इंचांच्या उंचवट्यावर चढली की ट्रॅक्टरचे नाक वर होते व शेपूट खाली जाते. त्यासरशी हे मागचे पाते सुमारे पावणेदोन इंच खाली दबते आणि तेथे खड्डा पाडते. थोड्या वेळाने मागची चाके त्याच उंचवट्यावर चढतात, तेव्हा हेच पाते पावणेपाच इंचांच्या आसपास वर उचलले जाते आणि आणलेली माती तेथे टाकून देते. म्हणजे एक उंचवटा मोडण्याच्या कामी एक खड्डा आणि एक ढीग असे दोन नवे दोष निर्माण होतात. पुढच्या नाकाडास लावलेल्या पात्याची गतीही अशीच. ते पुढच्या आसाच्या पुढे अडीच फूट असेल, तर पुढची चाके ३ इंच चढताच ते साडेचार इंच उचलले जाते. आता तेच पाते दोन्ही आसांच्या बरोबर मध्ये ठेवा. पुढची चाके ३ इंच चढोत किंवा मागची चढोत, पाते केवळ दीड इंचच वर होते, आणि कोणत्याही वेळी ते खाली दबत नाही. जमिनीचा दोष मागचे पाते वाढविते व पोटाखालचे पाते निम्मा करते, असे हे एका वाक्यात सांगता येईल.

याहून आणखी एक गोष्ट आहे. पोटाखालच्या पात्याच्या मागून जी चाके येतात, ती पात्याने नुकत्याच सारख्या केलेल्या मातीवरून येतात. पुढची चाके खडबडीत जमिनीवर असली, तरी मागची दोन सुधारलेल्या जमिनीवर असतात. त्यामुळे पात्यास एक बाजू स्थिर मिळते व प्रत्येक फेऱ्यास दोष उतरत जातो. मात्र हा लाभ मिळण्यास पात्याची रुंदी मागच्या चाकांच्या बाहेरील कडांहून थोडी अधिक पाहिजे, नाहीतर चाके पात्याबाहेरच्या ओबडधोबड मातीवर चढून सारे मुसळ केरात जाते. तिसरा लाभ चालकाचा आहे. पाते त्याच्या पायांच्या पुढे, डोळ्यांसमोर असते. मागच्या पात्याकडे पाहण्यासाठी मान वळवून दिवसभर वाकडे बसावे लागते. ज्यांनी तसे काम केले आहे त्यांस याची किंमत वेगळी सांगावयास नको.

मागच्या पात्यावर आमचा राग आहे असे मात्र कोणी समजू नये. हात बसलेला चालक हायड्रॉलिकच्या दांड्यावर सतत हात ठेवून त्याच्याकडूनही बरे काम घेतो. शिवाय त्या पात्याच्या पाठीमागे दोन लहान आधारचाके लावली, आणि जोडाचे खालचे दांडे मोकळे खेळू दिले, तर ते पातेही दोन आधारांच्या मध्ये येते व त्याचा उपद्रव पुष्कळ कमी होतो. ज्यांच्या ट्रॅक्टरच्या पोटाखाली मुळीच जागा नाही, त्यांनी हा स्वस्त मार्ग अवश्य करून पाहावा. दोन आधारांच्या मधले पाते सुधारते व आधाराबाहेरचे बिघडविते हे तत्त्व एकदा ध्यानात आले, म्हणजे कोणत्या अवजारास कोठे आधार द्यावा हे शेतकऱ्यास आपले आपणच सुचते.

हे तत्त्व मूळचे शेतकऱ्याचेच आहे हे सांगावयास आम्हांस विशेष आनंद वाटतो. अमेरिकेतील मिसुरी संस्थानात मेटलंड गावी डी. वॉर्ड किंग नावाचा एक शेतकरी होता. आपल्या दारावरून जाणारा चिखलाचा रस्ता सुधारण्यासाठी त्याने १८९६ साली एक ओंडका उभा चिरून त्याच्या दोन फाळ्या केल्या, त्या सुमारे ३० इंचांच्या अंतराने एकामागे एक जोडल्या, आणि पाऊस पडून गेल्यावर हे ओढणे घोड्यांकडून रस्त्यावरून तिरपे ओढविले. दर पावसानंतर हा क्रम चालविल्यामुळे रस्त्याचा मध्यभाग हळूहळू उंच झाला, पाणी कडेस जाऊ लागले व चिखल हटला. त्या देशाच्या शेतकी खात्याने १९०८ साली त्याचीच माहिती लहान पुस्तिकेच्या रूपाने शेतकऱ्यांस दिली. पुढे रस्त्याची मोठी यंत्रे झाली. १९२० च्या सुमारास रसेल कंपनीने ट्रॅक्टरच्या भोवती सांगाडा उभारून त्यात पाते बसविले. ती कंपनी १९२८ साली कॅटरपिलर कंपनीने विकत घेतली आणि १९३१ साली एकसंध बांधणीचा ग्रेडर बाजारात आणला. आपल्या रस्त्यांवर आज जो लांब कमानदार पाठीचा ग्रेडर दिसतो तो याच वंशातला. लहान शेतांसाठी अमेरिकेत १९४७ साली फार्मॉल कब व १९४८ साली अ‍ॅलिस-चामर्स कंपनीचा ‘जी’ हे ट्रॅक्टर निघाले. दुसऱ्याचे तर एंजिनच चालकाच्या पाठीमागे ठेविले होते, ते एवढ्याचसाठी की मधली अवजारे डोळ्यांसमोर राहावीत. १९६० नंतर तिकडे परसबागेचे छोटे ट्रॅक्टर घरोघर झाले, व त्यांच्या पोटाखाली गवत कापण्याचे यंत्र बसते त्याच जागी माती सारखी करण्याचे पातेही बसू लागले. तेथे त्याचा उपयोग मुख्यत्वे घराकडे येणारी खडीची वाट सारखी करणे, बर्फ बाजूस सारणे, बागेची जमीन सपाट करणे, असा होतो. आपल्याकडे बर्फ नाही व हिरवळीचे अंगणही नाही. परंतु वाटा आहेत, चाकोऱ्या आहेत आणि पाणंदी आहेत.

आता मर्यादेकडे वळू. कारण ज्या वाचकांनी येथपर्यंत वाचून मनात बेत केला असेल की आता जेसीबी न बोलावता आपले चढउताराचे रान आपणच सपाट करून टाकू, त्यांस येथेच थांबविणे हे आमचे कर्तव्य आहे. सारखे करणे व समतल करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पोटाखालचे पाते चार-दोन फुटांच्या टापूतले खाचखळगे काढते. शंभर फुटांत दीड फूट उतरणाऱ्या शेतावर ते चालविले, तर ट्रॅक्टर त्या उताराबरोबर उतरेल, पाते ट्रॅक्टरबरोबर उतरेल, आणि शेवटी शेत गुळगुळीत दिसेल परंतु उतार होता तेवढाच राहील. पात्यास क्षितिज कळत नाही. त्यास फक्त आपली चाके कळतात. जमीन खरोखर समतल करावयाची असेल, तर पातळीचे यंत्र लावून मोजणी केली पाहिजे, किंवा किरणांच्या साहाय्याने आपोआप वरखाली होणारी लेझर लेव्हलर ही यंत्रणा भाड्याने आणली पाहिजे; आणि ती ओढण्यास ५० अश्वशक्तीच्या घरातला ट्रॅक्टर लागतो.

मातीचे वजन किती असते याची कल्पनाही पुष्कळांस नसते. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, म्हणजे १०८९ चौरस फूट. त्यावरून एक इंच माती काढली तर ती सुमारे ९१ घनफूट भरते. एका एकरावरून एक इंच काढली तर ३६ ब्रास माती हलविल्यासारखे होते. ज्यांनी घर बांधताना ब्रासाच्या हिशेबाने मुरूम विकत घेतला आहे, त्यांस हा आकडा किती मोठा आहे हे कळेल. लहान ट्रॅक्टरचे वजन साधारण ८०० किलो धरले व त्यातील ५०० किलो मागच्या चाकांवर आहे असे मानले, तर चाके न घसरता त्याची ओढ दोनशे-अडीचशे किलोपेक्षा फारशी जात नाही. भारी काळ्या रानात दर चौरस इंच कापास दहा-बारा पौंड ओढ लागते असे ढोबळ मानाने धरतात. त्या हिशेबाने ४ फुटांच्या पात्याने एक इंच खोल काप घेताच ही सारी ओढ संपते. म्हणून एका फेऱ्यास अर्धा इंच, फार तर पाऊण इंच, आणि तोही वाफशावर, हाच नियम. याहून अधिक हाव धरली की चाके जागीच फिरू लागतात, टायर झिजतो, डिझेल जळते आणि चाकांखालची माती दाबून दगडासारखी होते.

परंतु यंत्राच्या नुकसानीपेक्षा जमिनीच्या नुकसानीची आम्हांस अधिक काळजी वाटते. दख्खनच्या पठारावर कित्येक ठिकाणी हातभर खाली मुरूम लागतो. वरच्या काही इंचांतच कुजलेले सेंद्रिय द्रव्य, जिवाणू व पिकाच्या उपयोगी पडणारी द्रव्ये असतात. माथ्याकडची ही माती खरवडून पायथ्याकडे लोटली, म्हणजे शेत दिसावयास देखणे होते, पण माथ्याचे पीक पुढे कित्येक वर्षे पिवळे राहते. खोल काळ्या रानातही खालच्या थरांत चुनखडी असते. ती उघडी पडली की लोह व जस्त पिकास मिळेनासे होते, आणि उसावर केवडा पडतो. मग खतांच्या पिशव्या ओतून जे भरून काढावे लागते ते फुकटच घालविलेले असते. महात्मा फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात पावसाने वाहून जाणारी माती शेतातच मुरावी म्हणून ताली-बंधारे घालण्याचा आग्रह धरला आहे. मुंबई सरकारने जमीन सुधारणेचा कायदा १९४२ साली केला, त्याच्याही मुळाशी बांधबंदिस्तीने माती राखावी हाच हेतू होता. इतक्या कष्टाने जी माती अडवावयाची, ती आपल्याच हाताने खरवडून द्यावी हे शहाणपणाचे नव्हे. एखादा लहान उंचवटा काढणे भागच असेल, तर आधी पाते तिरपे धरून वरची चांगली माती बाजूस ओळीने काढून ठेवावी, मग खालचा मुरूम कापून खळग्यात भरावा, आणि शेवटी बाजूस ठेवलेली माती पुन्हा दोन्ही ठिकाणी पसरावी. यात फेरे तिप्पट होतात हे खरे. परंतु जमीन तिप्पट काळ टिकते.

शिवाय एक प्रश्न विचारण्यासारखा आहे : जमीन इतकी सपाट कशासाठी करावयाची? मोकाट पाणी देत होतो तेव्हा उंचसखल रानात एका टोकास पाणी तुंबे व दुसरे कोरडे राही, म्हणून सपाटीची गरज होती. आता ज्यांच्या बागेत ठिबक आहे, त्यांस ती गरज पुष्कळच कमी झाली आहे. उलट, काळ्या रानास पावसाळ्यातील जादा पाणी काढून देण्यासाठी थोडा एकसारखा उतार पाहिजेच. तो उतार मोडून ताट केलेले रान अतिवृष्टीच्या साली तळे होते.

मग या पात्याने करावे काय? आमच्या मते त्याची तीन कामे आहेत, आणि ती तिन्ही त्यास शोभणारी आहेत.

पहिले काम बागेच्या ओळींतले. द्राक्षबागेत एप्रिलच्या खरड छाटणीपासून ऑक्टोबरची छाटणी होऊन माल निघेपर्यंत औषधाच्या फवारणीसाठी ट्रॅक्टर एकाच चाकोरीतून किती वेळा जातो याची गणती नाही. ऐन पावसात फवारणी चुकवून चालत नाही, व त्याच वेळी चाकोऱ्या खोल होतात. त्यांत पाणी साठते, चाक फसते, आणि ज्या दिवशी औषध पडावयास हवे त्या दिवशी यंत्र चिखलात उभे राहते. वाफसा येताच पोटाखालचे पाते तिरपे ठेवून दोन फेरे मारले, तर मधला उंचवटा कापला जाऊन चाकोऱ्या भरतात. मागे जोडलेले लांब पाते वळताना बाजूस झोकते व वेलीच्या खोडास लागण्याची भीती असते. पोटाखालचे पाते चाकांच्या आसपासच राहत असल्यामुळे ओळीत ते निर्धोक चालते. बोदाची माती ओघळून मध्ये आली असेल तर तीही हलक्या हाताने परत कडेस नेता येते. मात्र बोदावर पाते चढवू नये, कारण तेथील वरच्या थरातच अन्न घेणाऱ्या बारीक मुळ्या असतात.

दुसरे काम पाण्याच्या वाटांचे. शेतातील उथळ चाऱ्या काढणे, बुजलेल्या साफ करणे, शेडच्या व गोठ्याच्या भोवतीचे पाणी दूर काढून देणे, खळ्याची किंवा बेदाणा शेडसमोरची जागा सारखी करणे, ही कामे कोणी मोठे यंत्र बोलावून करीत नाही, आणि म्हणूनच ती वर्षानुवर्षे राहून जातात. उतारास आडवे चालताना, जेथे शक्य असेल तेथे माती वरच्या अंगास पडेल असेच पाते तिरपे धरावे. नांगरट-कुळवणीने दरसाल थोडीथोडी माती खाली सरकतच असते. तिला तेवढीच परत वर नेल्यासारखे होईल.

तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे. ते पाणंदीचे होय. आपल्या शेतीचे किती नुकसान वाटेअभावी होते याचा हिशेब कोणी मांडीत नाही. ऊस तुटून पडला आहे पण वाहन शेतापर्यंत येत नाही. द्राक्षाच्या पेट्या खाचखळग्यांतून येता येता मणी दबतात. भाजी डोक्यावरून आणावी लागते. पाणंद रस्त्यांसाठी शासनाच्या योजना झाल्या. २०२१ साली मातोश्रींच्या नावाने अशी एक योजना निघाली. वाट अडविली गेल्यास दाद मागण्यासाठी १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम व १९६६ च्या महसूल संहितेतील १४३ वे कलम आहे. परंतु कायद्याने वाट मोकळी झाली व योजनेने तीवर मुरूम पडला, तरी तिची निगा कोण राखणार? मुरमाची वाट पहिल्या दोन पावसाळ्यांत मोडते, कारण मधोमध पाणी साठते. रस्त्याचा शत्रू वाहन नव्हे, पाणी होय. मध्यापासून कडेपर्यंत दर फुटास अर्धा इंच उतार ठेवला, म्हणजे १० फुटांच्या पाणंदीस कडेपेक्षा मध्य अडीच इंच उंच राहतो. एवढ्या उतारावर पाणी थांबत नाही व गाडीही कलत नाही. हा उतार राखण्याचे काम पोटाखालच्या पात्याहून लहान ट्रॅक्टरचे दुसरे कोणतेही अवजार चांगले करणार नाही. कडेपासून मध्याकडे माती येईल असे पाते तिरपे ठेवावे, ताशी ३ किलोमीटरहून अधिक वेग धरू नये, आणि दोन्ही बाजूंनी चार-चार फेरे घ्यावेत. असा एक किलोमीटर रस्ता वळण्याचा वेळ धरून तीन तासांत होतो. मृगाचे पाऊस होऊन पहिला वाफसा आला म्हणजे एकदा, पावसाची उघडीप मिळेल तेव्हा एकदा, आणि उसाची वाहतूक सुरू होण्यापूर्वी एकदा, असे तीन वेळा हे झाले तरी पाणंद बारमाही चालू राहण्यास मोठी मदत होईल. वेग वाढविला तर ट्रॅक्टर उसळ्या घेतो आणि त्या उसळ्यांच्या लाटा रस्त्यावर उमटतात. काळ्या मातीच्या पाणंदीवर मुरूम नसेल, तर पाते पाण्यास वाट देईल, चिखलाचा रस्ता मात्र करणार नाही. हेही स्पष्ट सांगितलेले बरे.

आता बांधाविषयी दोन शब्द. बांध कोरणे हा आपल्या गावांचा जुना रोग आहे. कुळवाच्या दर पाळीस वीतभर बांध आत घेणारे लोक आपणांस नवीन नाहीत, व त्यापायी भावाभावांत पिढ्यान्‌पिढ्या कज्जे चालले आहेत. पोटाखालचे पाते हे या विद्येस फारच सोयीचे अवजार आहे, म्हणून आधीच बजावतो : सामाईक बांधाच्या दोन फुटांच्या आत हे पाते खाली सोडू नये, आणि पाणंदीवर काम करताना दोन्ही बाजूंचे शेतकरी हजर असल्यावाचून कडेस हात लावू नये. जे अवजार शेजाऱ्यांस एकत्र आणू शकते, तेच त्यांस कोर्टात नेऊ शकते.

पाते बनवून घेण्यासंबंधी काही सूचना करणे अवश्य आहे. आपल्याकडे ही वस्तू तयार सहसा मिळत नाही. गावच्या किंवा तालुक्याच्या कारखान्यात करून घ्यावी लागते, आणि तेथेच चूक होते. परदेशी बागट्रॅक्टरांस सामान्यतः पोलादी सांगाडा असतो. आपल्या बहुतेक लहान ट्रॅक्टरांत निराळा सांगाडा नसून एंजिन, क्लचचे घर व गिअरपेटी ही बिडाची कवचे एकमेकांस बोल्टांनी जोडून तीच पाठीचा कणा झालेली असतात. या बिडावर वेल्डिंग कधीही करू नये व त्यास छिद्रेही पाडू नयेत. बीड तडकले की ट्रॅक्टरच मोडला. पात्यावर येणारा सारा रेटा दोन लांब दांड्यांनी मागच्या आसाच्या घराकडे किंवा ओढदांड्याच्या मूळ जोडाकडे न्यावा, कारण ट्रॅक्टर घडविणाऱ्याने ओढ सोसण्याची योजना तेथेच केलेली असते. पोटाखालच्या जोडाने केवळ पाते उचलावे व सरळ धरावे. जमिनीत लपलेला दगड लागला तर धक्का ट्रॅक्टरास न बसता एक साधा बोल्ट तुटावा, किंवा स्प्रिंग दबून पाते मागे झुकावे, अशी सोय पाहिजेच.

मापेही बेताची ठेवावी लागतात. ५ फूट आसांतराच्या ट्रॅक्टरात पुढच्या व मागच्या टायरांमध्ये मोकळी जागा अडीच फुटांच्या आसपासच उरते. ४ फुटांचे पाते ३० अंशांत तिरपे केले तर ते पुढेमागे २ फूट जागा घेते व साडेतीन फुटांस थोडी कमी रुंदी सारखी करते. ५ फुटांचे पाते तिरपे करताच टायरास लागेल. म्हणून ट्रॅक्टरची चाके बाहेरून सव्वातीन फुटांच्या आत बसत असतील, तरच ४ फुटांच्या पात्याचा पूर्ण लाभ मिळेल. चाके याहून रुंद असल्यास पाते कमी तिरपे धरावे. पाते तिरपे असताना पुढची चाके पूर्ण वळवू नयेत. पोटाखालची मोकळीक १० इंच असेल व वाहतुकीत पाते जमिनीपासून ४ इंच तरी उचललेले हवे असेल, तर पाते व त्याचा जोड मिळून ६ इंचांतच बसवावे लागतात. मोठ्या ग्रेडरची पाठ कमानीसारखी उंच का केली आहे हे यावरून ध्यानात येईल. इतके ठेंगणे पाते मातीचा मोठा ढीग वाहून नेऊ शकत नाही; म्हणजे त्याची घडणच सांगते की मी डागडुजीसाठी आहे, उत्खननासाठी नव्हे.

यावर कोणी म्हणेल, वर्षातून चार दिवस लागणाऱ्या अवजारासाठी एवढा खटाटोप कशास? हा आक्षेप खरा आहे, आणि आमचे उत्तरही त्यातच आहे. हे अवजार एकट्याने घ्यावयाचे नाही. आपल्या संघाने एका प्रकारच्या लहान ट्रॅक्टरास बसणारी दोन पाती जोडासह चांगल्या कारखान्यातून करून घ्यावीत, ती बसविण्यास-काढण्यास शिकलेला एक माणूस तयार करावा, व सभासदांस दिवसाच्या भाड्याने द्यावीत. ज्या पाणंदीवरील सर्व शेतकरी वर्गणी करून येतील, त्यांस भाड्यात सवलत ठेवावी. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथे आपली चार कृषी विद्यापीठे आहेत. त्यांच्या अवजार विभागांकडे संघाने नमुना पाठवून ओढ, जोड व सुरक्षितता यांची परीक्षा करून मागावी. आणि ट्रॅक्टर घडविणाऱ्या कारखान्यांस आपण एकमुखाने सांगावे की, आसाच्या घरावर व पोटाखाली अवजार जोडण्याच्या तयार जागा द्या. चार बोल्टांची छिद्रे साच्यातच ठेवावयास त्यांस फारसे काही लागत नाही. मात्र ती मागणी शेतकऱ्याकडून गेल्यावाचून ते ठेवणार नाहीत.

तात्पर्य, ज्यास रान सपाट करावयाचे आहे त्याने हे पाते घेऊ नये. ज्यास आपल्या रानाकडे जाणारी वाट, त्यातून निघणारे पाणी आणि ओळीतली चाकोरी नीट राखावयाची आहे, त्याने ते शेजाऱ्यांच्या भागीत अवश्य घ्यावे. माती हलविण्याचे सामर्थ्य आज भाड्याने हवे तेवढे मिळते. दर पावसानंतर अर्धा इंच माती योग्य जागी परत ठेवण्याची चिकाटी मात्र भाड्याने मिळत नाही. आणि पाणंद टिकते ती तिच्यावरच. येत्या सर्वसाधारण सभेपुढे पाणंदनिहाय यादी ठेवून या कामास आरंभ करावा, अशी आमची संघाच्या चालकांस व सर्व सभासद बंधूंस आग्रहाची विनंती आहे.